धाकट्या भावाच्या रायफलीला नवी नळी: .१७ घ्यावी की .२०?

टूलरूम_उद्यमनगर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ गेली अकरा वर्षे न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागो भागात, अलेक्झांड्रा गावाजवळच्या एका मेंढ्यांच्या शेतावर नोकरीला आहे. तिथला सशांचा उपद्रव आपल्याकडे सांगून पटत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या लोकांनी नेऊन सोडलेले हे ससे गवताची राने अक्षरशः बोडकी करतात. १९९७ मध्ये शेतकऱ्यांनी परस्पर आणि २०१८ मध्ये रीतसर परवानगीने त्यांच्यात रोगाचा विषाणू सोडला गेला, तरीही ते आटोक्यात आलेले नाहीत. त्यामुळे परवानाधारक माणसांनी रात्री फिरून ससे मारणे हा तिथे शेतीच्याच कामाचा भाग झाला आहे.

भावाकडे त्यासाठी सीझेड ५२७ ही लहान माउझर पद्धतीची बोल्ट रायफल आहे, .२२२ रेमिंग्टन काडतुसाची. वर्षानुवर्षांच्या वापराने तिच्या नळीचे आतले पिळाचे आटे चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, तोंडाशी झिजले आहेत. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा), रिसीव्हर (तो बसतो ते धड) आणि दस्ता उत्तम आहे, आणि हे मॉडेल २०२१ पासून कारखान्यातून बंद झाल्यामुळे तो ते सोडायला तयार नाही. तिथल्या परवानाधारक बंदूक कारागिराकडून नवी नळी बसवून घ्यायची आहे, आणि बसवायचीच आहे तर एखाद्या छोट्या वाइल्डकॅट काडतुसाची बसवावी असे त्याच्या मनात आहे.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. ज्या काडतुसाची मापे अमेरिकेतील सामी किंवा युरोपातील सीआयपी या संस्थांनी प्रमाणित केलेली नसतात, आणि जे कारखान्यातल्या एखाद्या पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) गोळी धरणारी मान आवळून, खांदा सरकवून किंवा लांबी कमी करून घडवलेले असते, त्याला वाइल्डकॅट म्हणतात. यातली काही पुढे प्रतिष्ठित होतात. .२२-२५० हे काडतूस जवळजवळ तीस वर्षे हौशी लोकांच्या हातात वाइल्डकॅट म्हणून वावरले आणि १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते अधिकृत केले.

भावाच्या यादीत दोन नावे आहेत. पहिले .१७ मॅक फोर आणि दुसरे .२० वारटार्ग. दोन्हींची आई एकच आहे, ती म्हणजे १९६३ चे .२२१ फायरबॉल. त्याच पुंगळीची मान एकात .१७२ इंचाच्या गोळीसाठी आवळलेली आहे, दुसऱ्यात .२०४ इंचाच्या. बुडाची कड सुमारे ९.६ मिलिमीटर, म्हणजे .२२२ इतकीच, त्यामुळे बोल्टला हात लावावा लागत नाही. मी आयुष्यभर डाय आणि गेज बनवले आहेत, मापांचे मला कळते, पण मी कधी शिकार केलेली नाही आणि नेमबाजीही केलेली नाही. रीमरचा, म्हणजे चेंबर कोरण्याच्या हत्याराचा, आराखडा वाचून भावाला मत द्यायचे एवढेच माझे काम आहे. इथे नेमबाजीचे आणि धातूचे जाणकार आहेत, म्हणून विचारतो आहे.

बाबूजमाल_रोड | सोमवार, रात्री १०.१५

विषय रोचक आहे. एक शंका आधीच विचारतो, कारण हा धागा वाचून कोणाच्या तरी डोक्यात भलते येईल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत एवढी लेथ आणि ग्राइंडिंग यंत्रे आहेत, मग असे काम आपल्याकडे करता येते का?

टूलरूम_उद्यमनगर | सोमवार, रात्री १०.३२

नाही, आणि हे स्पष्ट लिहिलेले बरे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकार उरलेलीच नाही. आमच्या शॉपमध्ये या रायफलीचा एक स्क्रूसुद्धा वळवला जाणार नाही. नळी तिथे, कारागीर तिथे, कायदा तिथला. इथे फक्त कागद आणि चर्चा.

नेमबाज_कसबा_बावडा | मंगळवार, सकाळी ७.०५

दादा, मी बरीच वर्षे ५० मीटर रायफल खेळलो आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे माझे मत वाऱ्याच्या बाजूने येणार हे गृहीत धरा.

आपल्या कोल्हापुरात .२२ हा आकडा आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या तेव्हा आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले तेव्हा दोघांच्याही हातात .२२ लाँग रायफल या काडतुसाचीच बंदूक होती. त्या काडतुसाची गोळी २.६ ग्रॅमची, वेग आवाजाच्या आसपास आणि ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आतबाहेर असते. मॅक फोरची गोळी तिच्या निम्म्या वजनाची, जेमतेम १.३ ग्रॅमची, पण ती सेकंदाला सुमारे ४,००० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा साडेनऊशे ज्यूलच्या पुढे जाते. आकडा वाचून कोणालाही .१७ चाच मोह पडेल.

मात्र गोळीला वेगाइतकाच स्वतःचा भार लागतो. गोळी हवा कशी कापते हे सांगणारा बॅलिस्टिक कोएफिशंट पाहा, तो जितका जास्त तितका चांगला. .१७ च्या २० ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) व्ही-मॅक्स गोळीचा तो ०.१८५ आहे, .२० च्या ३२ ग्रेनचा ०.२१०, आणि .२० च्याच ४० ग्रेनचा ०.२७५. या शेवटच्या आकड्याची तुलना .२२ च्या ५० ग्रेन गोळीशी करा, तिचा ०.२४२ आहे. म्हणजे .२० मध्ये वजन कमी असूनही गोळी वाऱ्यात .२२ पेक्षा सरळ जाते. ओटागोत वायव्येचा वारा जोरदार असतो असे ऐकून आहे. मी मुलांना रेंजवर झेंड्याकडे बघायला शिकवतो, पण रात्री दिव्याच्या झोतात झेंडा नसतो. तिथे जी गोळी वाऱ्याला कमी बळी पडते तीच जनावराला एका फटक्यात मारते, आणि जखमी जनावर बिळात जाऊन तडफडणे हे कोणत्याही नेमबाजाला शोभत नाही.

माझे मत .२०. भावाला एवढे विचारा, की तो साधारण किती अंतरावर मारतो.

हुपरीकर | मंगळवार, दुपारी २.२०

बंदुकीतले मला काही कळत नाही, पण पुंगळीची मान आवळणे हा शब्द वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही. आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचे काम आहे. आमच्याकडे तार ओढतात तेव्हा ती एकेका भोकातून बारीक होत जाते आणि प्रत्येक ओढीला ताठर होते. दोनतीन ओढींनंतर तिला ताव दिला नाही, म्हणजे तापवून मऊ केली नाही, तर पुढच्या भोकात ती तटकन तुटते. नवशिक्या कारागीर घाईने एक ओढ जास्त घेतो आणि पैंजणाची कडी वळवताना तिथे केसाएवढी चीर दिसते. चीर कडी वळवताना दिसली तरी ती पडलेली असते ती आधीच्या ओढीत.

पितळेचेही हेच असणार. पुंगळीचे पितळ साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्ताचे असते असे आत्ता वाचले. ते डायमध्ये आवळले की कडक होणार, काडतूस उडाले की फुगणार, पुन्हा आवळले की आणखी कडक होणार. म्हणून विचारतो, की या मानेला ताव देतात का, आणि बुडाला देतात का? कारण सगळी पुंगळी मऊ झाली तर दाब कोण सोसणार?

टूलरूम_उद्यमनगर | मंगळवार, सायंकाळी ६.५०

हुपरीकर, तुमचा प्रश्न नेमका मर्मावर आहे. ताव फक्त मानेला आणि खांद्याला देतात. बूड कडकच राहिले पाहिजे, कारण उडताना बोल्टवर येणारा सगळा दाब तेच धरून ठेवते. बूड मऊ झालेली पुंगळी वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. लापुआ या कंपनीच्या नव्या पुंगळ्यांवर मानेपासून खांद्याच्या खालपर्यंत निळसर तपकिरी छटा असते, ती या तावाचीच खूण.

ओटागो_धाकटा | बुधवार, पहाटे ४.१०

दादा आणि सर्व जाणकारांना नमस्कार. इथे सकाळ आहे, मेंढ्यांना चारा टाकून आलो आणि लिहायला बसलो.

प्रथम अंतर. बहुतेक ससे मी ८० ते १५० मीटरवर मारतो, उतारावर कधी २०० मीटर होतात. रायफलीला आवाज दाबणारा सप्रेसर आहे, तो इथे कायदेशीर आहे. धक्का कमी असण्याला मी फार महत्त्व देतो, कारण धक्का कमी असेल तर दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते स्वतःला दिसते, शेजारी दुसरा माणूस लागत नाही. .२२२ मध्ये ते कधी दिसते, कधी दृश्य उडून जाते.

आता मी वाइल्डकॅटला इतका जपून का हात घालतो आहे ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी एक वापरलेली .१७ रायफल घेतली होती. दुकानदाराने ती कारखान्याची .१७ फायरबॉल आहे असे सांगितले आणि सोबत शंभर पुंगळ्या दिल्या. नळीवर फक्त ".१७" एवढाच ठसा होता. पहिल्याच दिवशी बोल्ट बंद करताना शेवटी जोर लावावा लागत होता. मी वीस वेळा उडवून पाहिले आणि पुंगळ्या तळहातावर घेतल्या, तर सात पुंगळ्यांच्या मानेवर तोंडापासून खाली उभी चीर होती, नखाएवढी लांब. उरलेल्यांपैकी काहींचे प्राइमर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोप्या, चपटे झाले होते. मी तिथेच थांबलो.

कारागिराने कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून साचा काढला, तेव्हा समजले की चेंबर मॅक फोरचे आहे. २००७ मध्ये रेमिंग्टनने काढलेले .१७ फायरबॉल आणि जुने मॅक फोर जवळजवळ सारखे आहेत, पण अगदी एक नव्हेत. त्याहून वाईट म्हणजे त्या पुंगळ्या .२२३ च्या लांब पुंगळ्या कापून केलेल्या होत्या. दादाने तेव्हा फोनवर मला जे समजावले ते तो इथे नीट लिहील.

टूलरूम_उद्यमनगर | बुधवार, सकाळी ८.३०

लिहितो, कारण माझ्या मते सगळी निवड याच मुद्द्यावर ठरते.

.२२३ ची पुंगळी ४४.७ मिलिमीटर लांब, .२२१ ची ३५.६. बुडाकडून दोन्ही सारख्या. वरचे नऊ मिलिमीटर कापले की जिथे आधी खांदा आणि धड होते तिथे नवी मान घडवावी लागते. पुंगळीची भिंत मानेकडे पातळ होत जाते आणि धडाकडे जाड, म्हणून कापून केलेली मान मूळ मानेपेक्षा जाड निघते. तिच्यात गोळी बसवली की बाहेरचा व्यास वाढतो. चेंबरच्या मानेत आणि काडतुसाच्या मानेत दोनतीन हजारांश इंचाची फट हवी असते, म्हणजे काडतूस उडाल्यावर मान किंचित फुलून गोळीला मोकळे सोडते. ती फट राहिली नाही तर मान गोळीला पकडून ठेवते आणि दाब भयानक वाढतो. भावाचे चपटे प्राइमर हीच गोष्ट सांगत होते. वर ताव न दिलेले पितळ, म्हणजे हुपरीकरांनी सांगितलेली केसाएवढी चीर पडलीच.

कापलेली मान बाहेरून तासून पातळ करता येते, आणि पुष्कळ लोक ते निगुतीने करतात. पण शंभर पुंगळ्यांच्या माना हाताने तासणारा माणूस रात्री दोन वाजता थकलेला असतो, आणि एक न तासलेली पुंगळी डब्यात राहून जाते. आमच्या शॉपमध्ये जॉब रिजेक्ट होतो तो नव्वद टक्के वेळा असाच, माप चुकून नव्हे तर दोन मापांचे जॉब एका ट्रेमध्ये आल्याने.

शिरोली_ग्राइंडर | बुधवार, दुपारी १२.१५

तुमचे सगळे वाचले आणि पटले, पण मग सरळ प्रश्न विचारतो. एवढा धोका कशाला? २००४ पासून .२०४ रुगर हे कारखान्याचे काडतूस आहे, गोळी तीच .२०४ इंचाची, बुडाची कड तीच. दुकानात जाऊन डबा विकत घ्यायचा. किंवा आणखी लहान हवे असेल तर .२२ हॉर्नेटची खांदा वाढवलेली के-हॉर्नेट आहे, लायसल किलबर्न यांनी १९४० मध्ये केलेली. हॉर्नेट कडेवर अडकते, खांद्यावर नाही, म्हणून तिच्या चेंबरमध्ये साधे कारखान्याचे हॉर्नेटसुद्धा सुरक्षित उडते आणि उडतानाच नव्या आकाराचे होते. वाइल्डकॅटच घ्यायचे तर असे सोयीचे घ्यावे.

ओटागो_धाकटा | गुरुवार, पहाटे ३.५५

काका, के-हॉर्नेट मलाही आवडते, पण हॉर्नेटच्या बुडाची कड ८.९ मिलिमीटरची आहे. माझा बोल्ट ९.६ चा. बोल्ट आणि मॅगझिन दोन्ही बदलावी लागतील, मग जुनी रायफल राखण्याचा अर्थ उरत नाही.

.२०४ बद्दल मात्र तुमचे म्हणणे मी रात्रभर मनात घोळवले. कारखान्याचे काडतूस दुकानात मिळते हा फार मोठा गुण आहे, आणि ज्याला पुंगळ्या भरायच्या नाहीत त्याने तेच घ्यावे असे मी कोणालाही सांगेन. माझे कारण वेगळे आहे. एका रात्रीत मी दीडशे काडतुसे उडवतो. वारटार्गच्या पुंगळीत .२०४ च्या सुमारे दोन तृतीयांश जागा आहे. तेवढी दारू कमी, धक्का कमी, नळी कमी तापते आणि चेंबरच्या तोंडाशी आटे कमी जळतात. .२०४ सेकंदाला चार हजार फुटांच्या आसपास जाते, वारटार्ग ३२ ग्रेनला साडेतीन हजारांच्या थोडे पुढे. माझ्या १५० मीटरला तो फरक सशाला कळणार नाही. इथे परवानाधारकाला स्वतःची काडतुसे भरणे कायदेशीर आहे आणि मी .२२२ ची गेली दहा वर्षे भरतो आहे.

नेमबाज_कसबा_बावडा | गुरुवार, सकाळी ७.२०

अंतर कळले, आता मी निःशंक .२० म्हणतो. .१७ चे आणखी एक दुखणे आहे. ४.४ मिलिमीटरच्या छिद्रात साफ करायची सळई वाकते आणि गोळीचे तांबे चिकटले की नेम झपाट्याने ढळतो. दीडशे उडवायची असतील तर मध्येच नळी साफ करावी लागेल, ती कोण करणार, अंधारात आणि थंडीत?

नळीचा पीळ ११ इंचांत एक फेरा असा मागा. १२ इंचांचा बहुतेकदा चालतो, पण ४० ग्रेनची लांब गोळी या छोट्या पुंगळीतून थोड्या कमी वेगाने निघते, तिला जास्त फिरकी मिळालेली बरी.

शिरोली_ग्राइंडर | गुरुवार, सायंकाळी ७.००

.२०४ न घेण्याचे कारण पटले. मग माझा आग्रह एवढाच, की मॅगझिन विसरू नका. .२२२ च्या मॅगझिनमध्ये हे बुटके काडतूस पुढेमागे सरकेल आणि तिरके चढेल. मागच्या बाजूला ठोकळा लागेल, आणि तो नळीच्या आधी जमवून पाहावा. आणि रीमरचा आराखडा हातात आल्याशिवाय पैसे भरू नयेत.

टूलरूम_उद्यमनगर | शनिवार, रात्री ९.१५

आराखडा आला. काल आणि आज दोन तास त्याच्यावर बसलो. भावाने लापुआच्या .२२१ च्या शंभर नव्या पुंगळ्या घेतल्या, सगळ्या एकाच खेपेच्या. त्यातल्या दहांच्या माना .२० ला आवळून, गोळ्या बसवून, दारू आणि प्राइमर न घालता त्याने मायक्रोमीटरवर मोजल्या. व्हिडिओ कॉलवर मी प्रत्येक वाचन लिहून घेतले. नऊ .२२९ आणि .२३० इंचाच्या मध्ये बसल्या, एक .२३०५ निघाली. आराखड्यात रीमरची मान .२३३ आहे. म्हणजे अगदी जाड पुंगळीलाही अडीच हजारांश फट राहते आणि मान तासण्याची गरज पडत नाही.

भावाला मी एकच अट घातली आहे. .२२३ कापून केलेली एकही पुंगळी या रायफलीच्या डब्यात येता कामा नये, कोणी फुकट दिली तरी नाही.

ओटागो_धाकटा | रविवार, पहाटे ४.४०

अट मान्य, दादा. .२० वारटार्ग, पीळ ११ ला एक, हे कारागिराला काल कळवले. न भरलेली पाच नमुना काडतुसे त्याच्याकडे दिली आहेत. त्यांवरून तो आधी ठोकळा जमवेल, मग हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मिळणारी जागा, गो आणि नो-गो गेजवर तपासेल. पहिल्या काडतुसांच्या पुंगळ्या मी उडवल्यानंतर पुन्हा मोजून इथे मापे टाकीन. हुपरीकर काका, चौथ्या भरणीनंतर मानेला ताव द्यायचे ठरवले आहे, तेव्हा तुमची आठवण काढीन.

कारागिराने विचारले की नळीवर ठसा काय मारू. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले: ".२० वारटार्ग, मान .२३३".